फोटोच्या पाठीवर लिहा: सार्वजनिक ग्रंथालयांना एका फ्रेमवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचे अध्यक्ष, कार्यवाह, कार्यकारी मंडळाचे सभासद आणि (खरं तर सगळ्यांच्या आधी) ग्रंथपाल यांस,

स. न. वि. वि.

मी पुण्यात, शनिवार पेठेत, फोटो फ्रेम करून देतो. दुकान वडिलांनी टाकलेलं. गल्ल्यावर मी बसतोय त्याला पन्नास वर्षं होत आली. तुमच्यापैकी दोन ग्रंथालयांचा मी सभासद आहे आणि एकाचा थकबाकीदार. (पुस्तक सापडलंय, आणून देतो.) तेव्हा कुणी उपरा फुकटचा सल्ला द्यायला आलाय असं समजू नका.

गेल्या गणपतीच्या आधी एका मंडळाची दोन पोरं मोबाइलमध्ये एक फोटो घेऊन आली. अठरा बाय चोवीसची फ्रेम, सोनेरी पट्टी आणि खाली पितळी पाटी हवी होती. पाटीवरचा मजकूर तयारच होता: ‘झाशीच्या राणीचे एकमेव अस्सल छायाचित्र, १८५०, छायाचित्रकार हॉफमन.’ मी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मोठा म्हणाला, ‘‘काका, सगळीकडे आहे हा फोटो.’’ मी म्हटलं, सगळीकडे डासही आहेत.

राणीचं अस्सल म्हणून सिद्ध झालेलं एकही छायाचित्र नाही. जॉन लँग नावाचा वकील १८५४ साली झाशीला तिला भेटायला गेला, तोही पडद्याच्या अलीकडे बसला होता. दत्तक मुलाने पडदा जरा सरकवला तेव्हा त्याला जे ओझरतं दिसलं, तेवढ्यावर त्याने तिचं वर्णन लिहून ठेवलं. हे मी पोरांना सांगितलं. मोठ्याचा चेहरा पडला. धाकटा मात्र फोटोकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘‘मग ही बाई कोण, काका?’’

मला उत्तर देता आलं नाही. कोणीतरी असणारच ना ती. कुठल्या तरी स्टुडिओत जाऊन बसली असेल, ‘हलू नका’ म्हटल्यावर श्वास रोखून धरला असेल. तिचं नाव कुणी पाठीवर लिहिलं नाही, म्हणून आता ती दुसऱ्याच बाईच्या नावाने भिंतीभिंतींवर टांगली जातेय. पोरांनी फ्रेम पुढच्या गल्लीत करून घेतली. पाटीसकट.

हे पत्र त्या धाकट्याच्या प्रश्नासाठी आहे.

फ्रेमच्या मागे पुठ्ठा किंवा हार्डबोर्ड अडकवायला जे बारीक खिळे मारतात, त्यांना आमच्यात चुका म्हणतात. चुका मारणं आणि चुका काढणं हा माझा धंदा. लोक फोटोची पुढची बाजू बघतात. माझा जन्म मागची बाजू बघण्यात गेला. जुनी फ्रेम उघडली की आत काय निघेल सांगता येत नाही. वर्तमानपत्राची पानं तर हमखास, आणि त्यांच्यावरून फ्रेम कधीची ते कळतं. रेशनकार्डाचं पान निघालंय, नापास झालेल्याचं प्रगतिपुस्तक निघालंय, एकदा कसरीने अर्धा खाल्लेला एक रुपयाही निघाला. आणि एकदा दुसरा फोटो निघाला.

तो प्रसंग जरा सविस्तर सांगतो. वाईकडचे एक गृहस्थ, साठीचे, देवघरातली लक्ष्मीची तसबीर काच बदलायला घेऊन आले. रविवर्म्याचा छाप. तुम्हाला माहीत असेलच, रविवर्म्याचा छापखाना १८९४ला गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. महाराष्ट्रातल्या कितीतरी देवघरांमधली लक्ष्मी अशी मळवलीहून आलेली आहे. मी पकडीने चुका काढल्या, पुठ्ठा उचलला, त्याखालचा पिवळा कागद अलगद सोडवला, तर लक्ष्मीच्या पाठीला पाठ लावून एक फोटो. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. नऊवारी, नथ, एक हात लाकडी खांबावर, मागे विलायती बागेचा रंगवलेला पडदा. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, आणि ते काळंकुट्ट.

गृहस्थ चरकले. ‘‘काळं कुंकू कसं?’’

हा प्रश्न मला दर दोन-चार वर्षांनी कुणीतरी विचारतं. त्या काळच्या फोटोच्या काचेच्या निगेटिव्हना निळा रंग लगेच दिसायचा आणि लाल दिसतच नसे. म्हणून त्या फोटोंतलं आकाश पांढरंफटक येतं आणि कुंकू काळं. तांबडी पगडी आणि काळी पगडी त्यात सारखीच दिसते. हल्ली कॉम्प्युटरवर जुने फोटो रंगवून आणतात त्यात याची फार गंमत होते. परवा एकाने पणजीचा फोटो रंगवून आणला. कॉम्प्युटरने तिच्या कपाळावर काळी टिकली तशीच ठेवली आणि पणजोबांचं लाल पागोटं चॉकलेटी केलं. त्याला ते भारी आवडलं होतं. मी काही बोललो नाही, फ्रेम करून दिली. पोट आहे.

तर ती मुलगी. फोटो उलटा केला. पाठीवर पेन्सिलीने मोडीत अडीच ओळी. वाईच्या गृहस्थांना मोडी येत नव्हती आणि मलाही येत नाही. वाचणारं माणूस मिळायला तीन महिने गेले. निवृत्त शिक्षक होते एक. त्यांनी भिंग लावून वाचलं. मुलीचं नाव, माहेरचं आणि सासरचं. मग ‘शके १८२१ भाद्रपद’, म्हणजे १८९९ सालचा सप्टेंबर. आणि शेवटी, ‘देवामागे ठेवावी.’

घरी कुणालाच तिचं नाव माहीत नव्हतं. गृहस्थांनी गावाकडच्या एका म्हाताऱ्या आत्याला विचारलं, तेव्हा कळलं की आजोबांचं पहिलं लग्न झालेलं होतं आणि ती प्लेगात गेली. दुसऱ्या बायकोच्या घरात पहिलीचा फोटो कसा लावायचा, म्हणून आजोबांनी तो लक्ष्मीमागे ठेवला असावा. हा त्यांचा अंदाज. ती अडीच ओळ नसती तर मी तो फोटो काय समजून परत दिला असता? ‘जुन्या काळातली मराठी स्त्री’. आणि कुणी तो मोबाइलवर टाकला असता तर वर्षभरात तिची कुठली तरी राणी झाली असती.

असं होतं म्हणजे कसं होतं, त्याचे दोन-चार नमुने देतो. यातले बरेच माझ्या काउंटरवर येऊन गेलेत.

हाडांचे सापळे झालेल्या माणसांचा तो फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: मांडीवर मूल घेतलेली आई, बरगड्या मोजून घ्याव्यात असे बाप्ये. खाली लिहिलेलं असतं, ‘बंगालचा दुष्काळ, १९४३’. एका शाळेच्या प्रदर्शनासाठी मी स्वतः तो माउंट केलाय. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी, तेव्हा मलाही माहीत नव्हतं. ते फोटो बंगालचे नाहीत, १९४३चेही नाहीत. मद्रासकडच्या फौजेतल्या विलोबी हूपर या अधिकाऱ्याने १८७६ ते १८७८च्या दुष्काळात ते काढले. हाच दुष्काळ आपल्या दख्खनेतही पडला होता. उपाशी माणसांना नीट रांगेत बसवून फोटो काढले, त्यांना खायला काय दिलं, असा प्रश्न हूपरला त्याच्याच काळात विचारला गेला. म्हणजे बंगालच्या लाखो मेलेल्यांना त्यांचा स्वतःचा फोटो नाही मिळाला, आणि मद्रासच्या मेलेल्यांचा फोटो त्यांच्या नावावर राहिला नाही. एका चुकीच्या ओळीने दोन्हींकडचे गेले.

गांधीजींचे तर विचारू नका. मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनी काढलेला, चरख्याआडून दिसणारे गांधीजी काहीतरी वाचत बसलेत तो फोटो. सरकारी कचेऱ्यांसाठी मी तो किती वेळा फ्रेम केला असेल मोजदाद नाही. खाली टाइप करून आणलेलं असतं ‘साबरमती आश्रम’. मी दर वेळी सांगतो की १९३०ला दांडीला निघाले ते स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही असं म्हणून निघाले होते. फोटो १९४६चा आहे. आणि तो आपल्या पुण्यातला आहे हो! निसर्गोपचार केंद्रात उतरले होते तेव्हाचा. बाईंना आधी चरखा शिकायला लावला, मगच आत सोडलं. तीन फ्लॅशबल्बची परवानगी मिळाली होती, त्यातले पहिले दोन फुकट गेले. पुण्याला इतिहासाचा केवढा अभिमान, पण हा फोटो आपला आहे हे पुण्यातल्याच कचेरीला सांगावं लागतं.

त्याच साली ६ जुलैला मुंबईत काँग्रेसच्या बैठकीत मॅक्स डेस्फर याने गांधी आणि नेहरू हसताहेत असा सुंदर फोटो काढला. त्यातले नेहरू कापून तिथे एक गोरी बाई बसवलेली आवृत्ती माझ्याकडे छापायला आली होती. गांधीजी एका बाईबरोबर नाचताहेत हाही एक फोटो फिरतो. तो सिडनीतल्या एका कार्यक्रमातला आहे, १९८५ सालचा, आणि नाचणारा एक ऑस्ट्रेलियन नट आहे. ज्याने मला दाखवला त्याला मी म्हटलं, दंड बघ त्याचे. गांधीजींना इतकं खायला कुणी घातलं?

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोबाइल आल्यावर बिघडलं. नाही. फोटो खोटं बोलत नाही असं म्हणणारा माणूस स्टुडिओच्या मागच्या खोलीत कधी गेलेला नसतो. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. भाऊ दाजी लाड तिच्यात होते. त्याच सुमाराला मुंबईत काम करणाऱ्या विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड छापले, १८६३ आणि १८६६ साली. त्यातली बरीच माणसं एकीकडे काढलेली आणि मागचा देखावा दुसरीकडचा. कात्री आणि खळ यांचं काम. दीडशे वर्षांपूर्वीचं फोटोशॉपच म्हणा. लखनौच्या सिकंदर बागेत नोव्हेंबर १८५७मध्ये कत्तल झाली, आणि फेलिचे बिआतो या फोटोग्राफरने तिथे फोटो काढला १८५८मध्ये, काही महिन्यांनी. अंगणात पसरलेली हाडं त्या फोटोसाठी पुन्हा बाहेर काढून मांडली होती. चित्रांचंही तेच. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्र्यांनी खरं चित्र शोधून पुढे आणेपर्यंत शिवाजी महाराज म्हणून लोक भलत्याच माणसाचं चित्र पूजत होते. इब्राहिमखान त्याचं नाव. शिकलेले लोक पूजत होते, हे महत्त्वाचं.

एक आनंदाची गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा नुसता कुरकुरतोय. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टरकी शिकत होत्या तेव्हाचा, १० ऑक्टोबर १८८५चा एक फोटो आहे. तिघीजणी आपापल्या देशाच्या पोशाखात: आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या इस्लामबूली. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ तो जगभर फिरतोय आणि कुणीही त्या तिघींना दुसरं कुणी बनवू शकलेलं नाही. कारण फोटोच्या खाली हाताने लिहिलंय: एक, दोन, तीन, नाव, गाव, देश. गावाचं स्पेलिंग चुकलंय. नवरा गोपाळराव नोकरीला बंगालमधल्या सेरामपूरला होते, म्हणून आनंदीबाईंचं गाव सेरामपूर घातलं आणि त्याचं भलतंच काहीतरी झालं. नावही ‘आनंदाबाई’. असू दे! ज्याने कुणी ते लिहिलं, त्याला मी दुकानासमोर हार घालीन. पुढच्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि त्याच्या पुढच्या फेब्रुवारीत, वयाच्या एकविसाव्या वर्षी, पुण्यात वारल्या. तेवढ्याशा आयुष्यातला हा एक दिवस त्या ओळीमुळे जसाच्या तसा आहे.

अजिंठ्याचंही तसंच. मेजर रॉबर्ट गिलने १८४४पासून वर्षानुवर्षं तिथे राहून भित्तिचित्रांच्या रंगीत नकला केल्या. १८६६ला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली त्यात जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थी घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्या शंभरावर १८८५ला लंडनमध्येच जळाल्या. नशीब बघा. पण गिलने मधल्या काळात कॅमेराही धरला होता, आणि त्याचे ७४ फोटो १८६४च्या, भारतातल्या लेण्यांवरच्या फर्ग्युसनच्या ग्रंथात चिकटवलेले आहेत, प्रत्येकाला कुठलं लेणं, काय आहे, याची नोंद. आग सगळीकडे लागत नाही. नोंद असलेली गोष्ट कुठल्या तरी कपाटात राहते.

आणि पूर. पुराचं मला सांगायलाच हवं, कारण मी जे मागणार आहे ते तिथून आलंय.

१२ जुलै १९६१. पानशेत. मी चार वर्षांचा होतो, मला आठवतं ते फक्त आईच्या कमरेवरून दिसलेलं तपकिरी पाणी. बाकीचं वडिलांकडून. धरणाचं काम पुरं व्हायच्या आत पाणी साठवलं होतं. जवानांनी रात्रभर वाळूची पोती टाकली, सकाळी धरण गेलं आणि पाठोपाठ खडकवासलाही गेलं. दुकानात त्या वेळी गिऱ्हाइकांचे दीडशेच्या आसपास फोटो होते. काही फ्रेम झालेले, काही व्हायचे. दोन दिवसांनी शटर उघडलं तर कमरेएवढा गाळ.

ओला फोटो काचेला धरतो. ओढला की चेहरा काचेवर राहतो आणि हातात पांढरा कागद येतो. पहिले चार-पाच असे गेल्यावर वडील थांबले. मग त्यांनी घमेली आणली. नळाला पाणी नव्हतं, खडकवासलाच गेलेलं. वाड्यातल्या आडाचं पाणी शेंदून घमेल्यांत भरलं आणि काचेसकट फोटो त्यात ठेवून दिले. तासाभराने आपोआप सुटत. मग गच्चीवर धोतरं अंथरून, चेहरा वर करून, ओळीने वाळत टाकले. आई सांगायची, गच्चीवर दीडशे माणसं उताणी झोपल्यासारखी वाटायची.

आता कुणाचा कुठला हे कसं कळणार? दुकानाची वही दौतीच्या शाईने लिहिलेली. पानं राहिली, अक्षरं धुऊन गेली. चिठ्ठ्या गेल्या. ज्या फोटोंच्या पाठीवर शाईने लिहिलं होतं त्यांच्या पाठीवर निळा ढग. पण ज्यांच्या पाठीवर शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, ते सगळं जसंच्या तसं! शिसं पाण्यात विरघळत नाही, इतकं साधं आहे ते. महिनाभर लोक गच्चीवर यायचे, फोटोंच्या ओळींमधून हळूहळू चालायचे. कुणाला सासरे सापडले, कुणाला मुंजीचा फोटो. एक बाई रोज यायच्या, त्यांचं घर पूर्ण गेलं होतं आणि त्यांनी आमच्याकडे फोटो टाकलेलाच नव्हता. तरी यायच्या.

शेवटी एक्केचाळीस फोटो उरले. त्यांना न्यायला कुणी आलं नाही. वडिलांनी ते पत्र्याच्या पेटीत ठेवले आणि पेटी माळ्यावर. त्यानंतर आमच्या दुकानाचा नियम झाला: फोटो आला की आधी पेन्सिल. गिऱ्हाईक कंटाळतं, ‘आम्हाला माहितीये हो कोण आहेत ते’ म्हणतं. तुम्हाला माहितीये. तुमच्या नातवाला?

आता मुद्द्यावर येतो.

तीन वर्षांपूर्वी ती पेटी घेऊन मी एका ग्रंथालयात गेलो. नाव सांगत नाही, शंभरी कधीच ओलांडलेलं आहे. कार्यवाहांनी चहा दिला आणि म्हणाले, आमच्याकडे फोटोंचा विभाग नाही. चहा पिता पिता मी भिंतीकडे बघत होतो. सागवानी फ्रेममध्ये अकरा जणांचा फोटो, पगड्या, उपरणी, काठ्या. खाली पाटी: ‘आमचे संस्थापक’. मी विचारलं, यातले कोण कोण? कार्यवाहांनी मधल्याकडे बोट दाखवलं, तेही अंदाजाने. ग्रंथपालबाईंना विचारलं तर त्यांनी शेजारच्याकडे दाखवलं. दोघांत थोडा वाद झाला. मी म्हटलं फ्रेम उघडून देतो, पाठीवर काही असेल. तर कळलं की मागे कुणीतरी त्या फोटोला लॅमिनेशन करून घेतलंय, ‘टिकावा म्हणून’. गरम प्लास्टिकमध्ये एकदा गेलेला फोटो परत निघत नाही. अकरा माणसांनी वर्गणी काढून एका गावाला वाचायला शिकवलं, आणि त्या गावच्या वाचनालयाला त्यांची नावं वाचता येत नाहीत.

राग आला होता. आता नाही. पण म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय, वस्तुसंग्रहालयांना किंवा विद्यापीठांना नाही. त्यांच्याकडे राजेमहाराजांचे फोटो नीट आहेत. शिंप्याचा, मास्तरांचा, नाटक कंपनीतल्या पेटीवाल्याचा, पहिल्या एसटीसमोर उभ्या गावाचा फोटो कुठे जाणार? तुम्ही रत्नागिरीत १८२८पासून आहात, नाशकात १८४०पासून, पुण्यात १८४८पासून. १९६७च्या कायद्यानंतर तर तालुक्या-तालुक्यात, खेड्या-खेड्यात पोचलात. आणि तुमच्याकडे एक अशी गोष्ट आहे जी कुठल्याच विद्यापीठाकडे नाही. सकाळी नऊ वाजता वर्तमानपत्राच्या टेबलाशी बसणारे म्हातारे. त्यांना चेहरे माहीत आहेत. आपण त्यांना पंख्याखालची जागा देतो आणि शांतता राखा म्हणतो. त्यांना बोलू द्या. महिन्यातून एक रविवार.

एक टेबल लावा. गावाला सांगा, घरातले जुने फोटो घेऊन या, परत घेऊन जायचे आहेत. हे ‘परत’ मोठ्याने सांगा, नाहीतर कुणी आणणार नाही. मूळ फोटो मागायचा मोह आवरा. तो त्या घराचा आहे. पुढून एक आणि मागून एक असा मोबाइलने फोटो काढा, मागून काढायला बहुतेक सगळे विसरतात. मग म्हाताऱ्यांना बसवा आणि विचारा. डावीकडून पहिला कोण, दुसरा कोण, कुठल्या घराचा, कशासाठी जमले होते. सांगणाऱ्याचं नाव आणि तारीखही लिहा, कारण म्हातारे भांडतील आणि दोघांचंही लिहून ठेवावं लागेल. नक्की नसेल तिथे ‘म्हणतात’ लिहा. हा एक शब्द आपल्या पितळी पाट्यांवर कधी नसतो, म्हणून झाशीची राणी होते. फोटो कुणी काढला तेही विचारा. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणतात त्या होमाई व्यारावालांसारख्या बाईंचे फोटोसुद्धा सुरुवातीला नवऱ्याच्या नावावर छापून यायचे, गावच्या स्टुडिओवाल्याला कोण विचारतंय! बंद पडलेल्या स्टुडिओचे वारस गावात असतील तर त्यांच्या माळ्यावर काचेच्या निगेटिव्ह आणि गिऱ्हाइकांची वही असते का बघा. वही आधी घ्या. वहीशिवाय काच म्हणजे खिडकीची काच.

पाठीवर लिहायला मऊ पेन्सिल, हलक्या हाताने, कडेला. बॉलपेन पुढून उमटतं. चिकटपट्टी लावू नका, ती वीस वर्षांत पिवळी होते आणि कागद घेऊन निघते. हल्लीच्या रंगीत फोटोंची पाठ प्लास्टिकची असते, तिच्यावर पेन्सिल धरत नाही. त्यांच्यासाठी कागदी पाकीट करून पाकिटावर लिहा. आणि लॅमिनेशनवाला दिसला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

खर्च काहीच नाही, म्हणून अनुदानाची वाट बघू नका. कार्यकारी मंडळात ठराव लागत असेल तर या पत्राची झेरॉक्स जोडा.

माझ्याकडून एवढंच करता येईल: जे ग्रंथालय पहिला रविवार ठरवेल तिथे मी स्वखर्चाने येईन, फ्रेमा उघडून द्यायला आणि परत बंद करून द्यायला. पकड, चुका, पेन्सिली माझ्या. पेटीही घेऊन येईन. पुण्याच्या पेठांतली माणसं आता महाराष्ट्रभर गेलीत, कुणी सांगावं.

पेटीत सगळ्यात वर एका मुलाचा फोटो आहे. चार-साडेचार वर्षांचा, तीनचाकी सायकलवर, मागे ताजमहालाचा पडदा, एका पायात बूट आणि दुसरा पाय मोकळा. बहुतेक रडून झाल्यावर काढलाय. पुराचा डाग गळ्यापर्यंत आलाय आणि तिथे थांबलाय. आता असेल तर सत्तरीच्या आसपास असेल. पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द आहे, बाईचं अक्षर वाटतं: ‘धाकटा’.

कळावे,
आपला,
एक फ्रेमवाला
शनिवार पेठ, पुणे

ता. क. थकलेलं पुस्तक या गुरुवारी आणून देतो. दंड किती झाला ते पेन्सिलीने लिहून ठेवा.